मांजरेचा मासा, हैदराबादची चूल

‘अक्का, अप्पा जेवत नाहीत. दोन दिवस येऊन जा.’

तम्माचा फोन आला तेव्हा जून उजाडला होता आणि आमच्या भालकीत पहिल्या पावसाची वाट बघणं चालू होतं. तम्मा म्हणजे माझा धाकटा भाऊ. आपल्या भागात हे वेगळं सांगायला नको, पण हैदराबादच्या त्याच्या ऑफिसातल्या पुण्याकडच्या मंडळींना ‘तम्मा’ हे त्याचं नावच वाटतं. आमचे वडील मराठी बोलणारे, आई अफजलपूरकडची, कन्नड. त्यामुळे घरात वडील अप्पा, आई अव्वा, थोरली मी अक्का आणि भांडण जुंपलं की दोन्ही भाषा एकदम.

अव्वाला जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर तम्मा अप्पांना अत्तापूरला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. अप्पा चौऱ्याऐंशी वर्षांचे. मुळातच बारीक अंगकाठी, त्यात चार महिन्यांत सहा किलो वजन उतरलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, काही निघालं नाही. ‘त्यांना आवडेल ते खायला द्या,’ एवढंच म्हणाले.

‘मग काय आवडतं म्हणतात?’ मी विचारलं.

तम्मा थोडा वेळ गप्प राहिला. ‘चालट मागतात. तूच सांग, कसा देऊ?’

आता मीही गप्प झाले.

चालट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. सुरीच्या पात्यासारखा चपटा, रुपेरी मासा. पाठीवर पिसासारखा एकच छोटा पर आणि पोटाखालून शेपटीपर्यंत गेलेली लांब झालर. खवले इतके बारीक की हाताला वाळूसारखे लागतात. चव गोड, पण काटे! पाठीच्या मांसात केसासारखे, दुफाट्याचे, एकात एक गुंतलेले. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही ते यामुळेच. अव्वा त्याला ‘मुळ्ळ मीनु’ म्हणायची, काट्याचा मासा.

आणि अप्पांच्या घशात गेल्या वर्षी काटा अडकला होता. तोही रोहूचा. त्या रात्री आम्ही सगळ्यांनी मिळून चूकच केली. कोणी केळं दिलं, कोणी कोरड्या भाकरीचा घास गिळायला लावला, म्हणजे काटा खाली जाईल. काटा खाली गेला नाही, आत रुतला. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून काढला. ते स्पष्ट बोलले, घास गिळून काटा ढकलायचा नाही, बोटं घालायची नाहीत, सरळ दवाखाना गाठायचा. तेव्हापासून तम्माच्या घरी मासा म्हणजे पिशवीत बंद, बिनकाट्याचे चौकोनी तुकडे. अप्पा ते ताटाच्या कडेला सारून ठेवायचे.

अशा माणसाला चालट द्यायचा? पण अव्वा द्यायची. आम्ही तीन-चार वर्षांचे होतो तेव्हापासून द्यायची आणि आमच्या घशात कधी काही अडकलं नाही. ते ती कसं करायची, एवढं फक्त मला आठवायचं होतं. सत्तावन्न वर्षांची झाले मी, पण कधी लिहून घेतलं नाही. वाटायचं, अव्वा आहे की!

गळाचा मासा

अप्पा शाळामास्तर. रविवारी पहाटे सायकलला बांबूची काठी बांधून मांजरेवर जायचे. डब्यात गांडुळं, रुमालात कणकेचा गोळा. मरळीसाठी लहान बेडूक. पाण्याकडे बघत तासन्‌तास बसायची त्यांची ताकद अजब होती. वर्गात मात्र दोन मिनिटं दम नसायचा.

मरळ किंवा मोठा रोहू लागला तर तो घरापर्यंत यायचाच नाही. वाटेतच विकला जायचा, त्यातून आमच्या वह्या-पुस्तकं निघायची. घरी यायचा तो ज्याला कोणी विचारत नाही असा माल. चालट, वाम, शिंगाळा, कधी रुंद जबड्याचा शिवडा. गळाला लागून झुंज देणारा मासा ताटात तेवढाच गोड लागतो असं नाही, हे अव्वाला रविवारी संध्याकाळी कळायचं. पण तिने कधी मासा परत पाठवला नाही.

इंग्रज अंमलदारांना आपल्या नद्यांतल्या या झुंजार माशांचं फार वेड होतं. दक्षिण कानडा जिल्ह्याचे कलेक्टर हेन्‍री सलिव्हन थॉमस यांनी 1873 मध्ये गळाच्या मासेमारीवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि ते मंगळूरला छापलं. त्यांचा खरा जीव महाशीरवर, म्हणजे ज्याला आपल्याकडे खडशी म्हणतात त्या माशावर. त्याच्याही आधी, 1839 च्या सुमारास, कर्नल साइक्स या अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. गंमत अशी की माशांची पुष्कळशी नावं त्याने इथल्या लोकांच्या तोंडूनच उचलली. ‘टोर खुद्री’, ‘रिटा कुटुर्नी’, ‘रोहटी’ ही आजही जगभरच्या पुस्तकांत असलेली लॅटिन थाटाची नावं आपल्या नदीकाठच्या बोलीतून गेलेली आहेत. मात्र तो मासा शिजवायचा कसा, हे काठावरच्या बायकांना कोणी विचारलं नाही. ते ज्ञान चुलीपाशीच राहिलं आणि एकेका बाईबरोबर निघून चाललं आहे.

डाव्या हाताला नदी

दुसऱ्याच दिवशी बस धरली. भालकी, बीदर, जहिराबाद, मग सोलापूर-हैदराबादचा मोठा रस्ता. संगारेड्डी, पटनचेरू आणि नंतर न संपणारं शहर.

या वाटेने कितीदा गेले असेन, पण डाव्या अंगाला नजरेआड मांजरा आपल्याबरोबर चालत असते हे कधी मनात आलं नव्हतं. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते. लातूर, बीदर करत तेलंगणात शिरते आणि 724 किलोमीटरचा प्रवास करून कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. वाटेत सिंगूरचं धरण आणि संगारेड्डीजवळचा बंधारा. तिथून मांजरेचं पाणी हैदराबादला जातं. म्हणजे ज्या नदीवर अप्पांनी गळ टाकला, तिचंच पाणी हैदराबादच्या कितीतरी नळांना येतं. माणसं कामासाठी गेली त्याच्याही आधी नदीने ती वाट धरली होती.

तसं आपलं आणि हैदराबादचं नातं नवं नाही. अप्पा जन्मले तेव्हा भालकी, उदगीर, गुलबर्गा आणि हैदराबाद एकाच निजामी राज्यात होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला त्या राज्याचे तीन भाग झाले. तेलुगू भाग आंध्रात, मराठवाडा मुंबई राज्यात, बीदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूरला. घरं मात्र वाटली गेली नाहीत. काचीगुडा, सुलतान बाजार भागात आजही जुन्या मराठी घरांतून तिन्ही-चारही भाषा एका दमात ऐकू येतात.

अत्तापूरजवळ उड्डाणपुलाच्या कडेला एक इमारत दिसते. भली मोठी, हुबेहूब माशाच्या आकाराची. डोळे, पर, सगळं. राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाचं ते मुख्यालय. तम्मा पहिल्यांदा अप्पांना तिथून घेऊन गेला तेव्हा अप्पा गाडीतून वाकून बघत म्हणाले होते, ‘कटला आहे. तोंड वर आहे बघ.’ गेल्या चार महिन्यांत ते आपणहून बोलले अशा थोड्या वाक्यांपैकी हे एक, असं तम्मा म्हणाला.

घरी गेले. अप्पा खिडकीपाशी खुर्चीत. मी पाया पडले.

‘ऊटा आयता?’ त्यांनी विचारलं. आयुष्यभर मराठी बोललेला माणूस, अव्वा गेल्यापासून जेवणाचं विचारताना कन्नड बोलतो.

‘माझं झालं. तुमचं?’

त्यांनी हात हलवला. साकु.

मृगाचा बाजार

मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी मृगशिरा कार्ते. मृग लागला की हैदराबादेत घरोघर मासा शिजतोच. पावसाळ्याच्या तोंडावर अंगात ऊब राहावी म्हणून, असं म्हणतात. जे खात नाहीत ते हिंग आणि गूळ घेतात. याच मुहूर्तावर नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर बत्तिनी घराण्याचा दम्याचा ‘मत्स्यप्रसाद’ असतो. मरळीचं जिवंत पिल्लू, त्याच्या तोंडात औषधाची गोळी, आणि ते तसंच गिळायचं. ही प्रथा 1845 पासूनची सांगतात. कोरोनाच्या काळात तीन वर्षं बंद होती, 2023 ला पुन्हा सुरू झाली. दमा बरा होतो याला शास्त्राचा आधार मिळालेला नाही, पण लांबलांबून माणसं येतात. गर्दी बघून एवढं मात्र कळतं की या शहरात मरळीचा मान केवढा आहे. तेलुगूत ती कोर्रमीनु. तेलंगणाने 2016 मध्ये तिला राज्याचा मासा ठरवलं.

तर पहाटे साडेपाचला मी आणि भावजय रामनगरच्या मासळीबाजारात. भावजय वरंगळची, मला ‘वदिना’ म्हणते. मराठी समजते, उत्तर तेलुगूत देते, अडलं की दोघी दखनीवर येतो. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. थर्माकोलचे खोके, बर्फाचा चिखल, तराजूंचा खणखणाट. आंध्रातल्या तळ्यांचा रोहू आणि कटला ढिगाने. पिंपात सळसळणाऱ्या मरळी, त्यांच्याभोवती सगळ्यात जास्त गर्दी आणि भाव ऐकून परत फिरणारे चेहरे.

एका पिंपात काळे, मिशाळ, लांब मासे वळवळत होते. भावजयने माझा हात ओढला. ते थाई मांगूर, आफ्रिकेतून आलेली जात. भारत सरकारने 2000 सालीच तिच्या पैदाशीवर बंदी घातली आहे. वाट्टेल त्या घाणीत वाढतो आणि नदीत सुटला तर आपले मासे फस्त करतो. स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. हुसेनसागर किंवा मुसीतला मासा कोणी दिला तरी तोच नियम. जिथे शहराचं सांडपाणी जातं, तिथला मासा कितीही धुतला तरी स्वच्छ होत नाही.

बाजाराच्या टोकाला, भिंतीच्या आडोशाला, एक म्हातारी बाई गोणपाट पसरून बसली होती. तिच्यापुढे मला ओळखीचे चेहरे दिसले. शिवडा, इकडे वालुगा. शिंगाळा, इकडे जेल्ला. सापासारखी वाम, इकडे बोम्मिडाई, जिला अव्वा हावु मीनु म्हणायची. आणि कोपऱ्यात सहा-सात चालट, कोणी न विचारलेले.

‘कहां का माल है, अम्मा?’

‘सिंगूर का.’

म्हणजे मांजरेचा. मी चार चालट उचलले, किलोला थोडे जास्त भरले. कल्ले लाल, डोळे वर आलेले, बोटाने दाबलं तर खड्डा लगेच भरून येतो. एवढं तपासलं की पुरे.

हैदराबादेत मासा विकणारा वेगळा आणि कापणारा वेगळा. कापणाऱ्यांची रांग असते, त्यांना निराळे पैसे. आमच्या वाट्याला आलेल्या पोऱ्याने चालट हातात घेऊन भावजयकडे बघितलं.

‘इसकू कौन खाते, अम्मा? कांटे-इच कांटे हैं.’

‘हमारे मामय्या खाते,’ भावजय म्हणाली. तिच्या आवाजात जराशी ऐट होती. मला बरं वाटलं.

पोट साफ करून फक्त त्याच्याकडून घेतलं. तुकडे करू नको म्हटलं. पित्ताची पिशवी फुटू देऊ नको हेही सांगितलं. फुटली तर मासा कडू होतोच, पण मुद्दा तेवढाच नाही. रोहू-कटल्याचं कच्चं पित्त औषध म्हणून गिळण्याची एक खुळी समजूत आपल्या भागातही आहे. त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कोणी गिळत असेल तर हात धरावा.

बिनगिऱ्हाइकी माशांची निगा

इथे थोडं थांबून अव्वाच्या हातचं सांगते. सोलापूरकडच्या मैत्रिणी उजनीच्या चिलापीपलीकडे जात नाहीत, त्यांनाही उपयोगी पडेल.

शिंगाळा हातात घेण्याआधी त्याचे तीन काटे तोडायचे, पाठीवरचा एक आणि बाजूच्या परांचे दोन. ते करवतीसारखे असतात, टोचले तर हात दिवसभर ठणकतो. शिवड्याला खवले नसतात, बुळबुळ असते. जाडं मीठ आणि कोंडा किंवा चुलीची राख लावून खसखसून घासायचा. त्याचं मांस मऊ आणि नासायला चटकन, म्हणून आणल्या आणल्या पोट काढायचं आणि तुकडे जाड ठेवायचे. पोटाकडची पिवळी चरबी फेकायची, उग्र वास तिथेच असतो. मात्र शिवडा आता नद्यांतून कमी होत चालला आहे, आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद धोक्यातल्या माशांत झाली आहे. तेव्हा तो हौसेने मागून घेऊ नये. वाम निसटते, तिला राखेच्या हाताने धरायची, पाठीवरची बारीक काट्यांची रांग आधी कापायची आणि कातडं सोलायचं. आत एक सरळ कणा, बाकी नुसतं मऊ मांस. म्हाताऱ्या माणसाला वामेसारखा मासा नाही.

राहिला चिखलाचा वास. तळ्या-धरणातल्या माशाला मातीचा वास येतो तो मातीचा नसतोच. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांपासून जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते माशाच्या कातड्यात, चरबीत आणि तांबूस मांसात साठतं. पहिल्या पावसाने जमिनीला जो वास सुटतो तोही याच द्रव्याचा. मातीत तो अत्तर, माशात नकोसा! आंबटाने हे द्रव्य मोडतं. म्हणजे मासा चिंचेत घालायचा हा नुसता चवीचा प्रकार नाही. तेलुगू पुलुसु, कन्नड हुळी आणि आपलं आंबट कालवण, तिन्ही घरच्या आज्यांनी न शिकता रसायनशास्त्र सोडवलं होतं.

काट्यांचा कल

घरी आलो. ओट्यावर चालट ठेवले आणि माझे हात थांबले.

अव्वा शिंपल्याने मांस खरवडायची, एवढं आठवत होतं. मांजरेतला मोठा शिंपला, कडेला घासून धार केलेला. खरवडलं की काटे कातड्याला राहायचे आणि मांस वेगळं निघायचं. त्याला ती ‘मुळ्ळिल्लद मीनु’ म्हणायची, बिनकाट्याचा मासा. घरातला विनोदच होता तो. सकाळी मुळ्ळ मीनु, संध्याकाळी मुळ्ळिल्लद मीनु.

शिंपला नव्हता, स्टीलचा चमचा घेतला. मासा पाठीतून चिरून पुस्तकासारखा उघडला, कणा काढला, खरवडायला सुरुवात केली. पहिल्याच गराच्या गोळ्यात चार काटे निघाले. दुसऱ्यात पाच. भावजय काही बोलली नाही, पण तम्मा दारात उभा होता.

‘अक्का, राहू दे. मी त्यांना पुन्हा दवाखान्यात नेणार नाही. त्या रात्री तू नव्हतीस तिथे.’

त्याचं खरं होतं. त्या रात्री मी भालकीत होते, फोनवरून ‘केळं दे’ म्हणणारी मीच होते. मी चमचा खाली ठेवला.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. अप्पा. वासावर आले होते की आवाजावर कोण जाणे. ओट्यापाशी उभं राहून त्यांनी उघडलेल्या माशाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘उलटं चाललंय.’

‘काय उलटं?’

त्यांनी माझं बोट धरलं आणि मांसावरून फिरवलं. एका बाजूने जाताना टोकं टोचली. दुसऱ्या बाजूने जाताना बोट गुळगुळीत सरकलं. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं.

‘टोचत नाही तिकडे कल. कलाने खरवड. जोर नको. तुझी अव्वा गाणं म्हणत करायची, तेवढ्या हळू.’

मग म्हणाले, ‘खुर्ची आण.’

तम्माने खुर्ची आणली. उरलेले तीन मासे अप्पांनी केले. हात थरथरत होते, पण चमचा माशाला लागला की थरथर थांबायची. चमच्याने पातळ पातळ पापुद्रा निघत होता आणि काटे कंगव्याच्या दातांसारखे मागे उभे राहत होते. अव्वा स्वयंपाक करायची आणि अप्पा मासे आणायचे एवढंच आम्हाला माहीत होतं. रविवारी रात्री आम्ही झोपल्यावर, दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी दोघं मिळून मासा खरवडायची, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.

भावजयने स्वतःहून पिठाची चाळणी आणली. निघालेला गर तिने ओल्या हाताने चाळणीतून दाबून काढला. पहिल्या गोळ्यातले सगळे काटे तिथे अडकले. शेवटी ताटात पातळ पसरून बोटाने चाचपलं. ही चाळणीची युक्ती अव्वाची नव्हती, वरंगळची होती. किलोभर माशातून जेमतेम चारशे ग्रॅम गर निघाला.

पुढचं सोपं. गरात सपाट चमचाभर मीठ घालून एकाच दिशेने दहा मिनिटं मळायचं. मिठाने माशाचं मांस चिकट होतं, मग बेसन, अंडं काही लागत नाही. सैल वाटलं तर चमचाभर तांदळाचं पीठ. सहा पाकळ्या लसूण, बोटाच्या पेराएवढं आलं, एक हिरवी मिरची, जिरं, चिमूट हळद वाटून त्यात घालायचं. ओल्या हाताने लिंबाएवढे गोळे करून उकळत्या मिठाच्या पाण्यात सोडायचे. वर तरंगले की आणखी तीन-चार मिनिटं ठेवून काढायचे. ते पाणी टाकायचं नाही.

कालवणाला दोन कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं भाजून, दोन चमचे तीळ भाजून, सगळं वाटायचं. तेलात कढीपत्ता, वाटण, लाल तिखट, आपला येसर. लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ आणि राखून ठेवलेलं पाणी. दहा मिनिटं उकळलं की गोळे सोडायचे आणि मंद आचेवर पंधरा मिनिटं. घाई नसेल तर मातीच्या भांड्यात करावं आणि दुसऱ्या दिवशी खावं.

आम्हाला घाई होती.

ताट

भाकरी मी केली. अप्पांच्या ताटात दोन गोळे, वाटीत कालवण. तम्मा समोर बसला, त्याने स्वतःच्या घासाला हात लावला नाही. अप्पांनी गोळा बोटांनी मोडला, चिवडून पाहिला. आपल्याच कामाची तपासणी. मग भाकरीबरोबर घास घेतला.

आम्ही तिघं त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. त्यांच्या ते लक्षात आलं.

‘काय बघता? जेवा.’

त्यांनी दीड भाकरी खाल्ली. फार नाही, पण गेल्या कित्येक दिवसांत एवढी नव्हती. तम्माने त्यांना तिसरा गोळा वाढला आणि त्यांनी नको म्हटलं नाही. मग तम्माने चौथा स्वतःच्या ताटात घेतला, खाल्ला आणि उठून पाणी पिण्याच्या निमित्ताने आत गेला. बराच वेळ आला नाही.

जेवण झाल्यावर अप्पा पुन्हा ओट्यापाशी गेले. एका चालटाच्या पोटातून पिवळसर गाबोळी निघाली होती, मी ती वाटीत बाजूला ठेवली होती. त्यांनी वाटी उचलून उजेडात धरली.

‘अंड्यावर आलेत,’ म्हणाले. ‘आता धरायचे नाहीत. चार महिने नदीला द्यायचे.’

अप्पा कधीच पावसाळ्यात गळ घेऊन जात नसत, हे मला तेव्हा आठवलं. मृगापासून पुढे बांबूची काठी आढ्याला टांगलेली असायची आणि आम्ही डाळीवर असायचो.

‘मग चालट परत आणू नको?’ मी विचारलं.

‘आत्ता नको,’ अप्पा म्हणाले. वाटी खाली ठेवून त्यांनी काठी घेतली आणि खिडकीकडे निघाले. ‘दिवाळीनंतर आण. थंडीत अंगाला धरतो. आणि येताना मांजरेतला शिंपला घेऊन ये. चमच्याने बरोबर होत नाही.’